ट्रकचं लायसन पाहिजे ना? मग आधी तो पंधरा प्रश्नांचा पेपर नीट द्या

माझा भाचा मागच्या महिन्यात लर्निंग लायसनच्या पेपरला आउट झाला, १५ पैकी ७. आता हा पोरगा एकोणीस वर्षांचा, वर्षभर माझ्याबरोबर ट्रेलरवर क्लीनर आहे, न्हावाशेवा पोर्टच्या रांगेत रात्री काढल्यात त्याने, चाळीस फुटी डबा म्हणजे कंटेनर मागे घेताना मागून असा हात दाखवतो की मी बिनधास्त रिव्हर्स टाकतो, आणि कॉम्प्युटरसमोर बसला तर सातवर गाडी बंद. कोपरखैरणेला घरी आला आणि म्हणतो, मामा पेपर लय अवघड होता. मी म्हटलं अरे अवघड नव्हता, मराठीत होता.

चेष्टा नाही करत, खरंच तेच झालेलं. त्याच्याकडून एकेक प्रश्न आठवून घेतला तर चारेक प्रश्न नुसत्या शब्दांमुळे गेलेले, उत्तर त्याला रोजच्या रस्त्यावरून पाठ होतं. म्हणून हे लिहितोय, नवी मुंबई ठाण्याकडची बरीच पोरं ट्रक लाइनला यायच्या तयारीत असतात आणि सगळ्यांचं लक्ष स्टिअरिंगवर, पेपरकडे कोणी बघत नाही.

आधी रस्ता समजून घ्या, कारण इथेच लोकांचा गोंधळ आहे. ट्रकचं लायसन डायरेक्ट मिळत नाही. आधी कारचं म्हणजे एलएमव्हीचं काढायचं, त्याला वय १८. ते हातात येऊन एक वर्ष झालं आणि वय २० पूर्ण झालं की मग ट्रान्सपोर्टसाठी परत लर्निंग, त्याला डॉक्टरचं फॉर्म १-ए, मोटर ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५, आणि लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनी गाडीवरची टेस्ट. आठवी पासची अट २०१९ ला काढून टाकली, तरी आमच्या ओळखीच्या एका पोराला एजंटने आठवीचा दाखला नाही म्हणून 'वरचे' चार हजार सांगितले होते, असले पैसे देऊ नका. आणि छोटा हत्ती नाहीतर ४०७ सारखा टेम्पोच चालवायचा असेल तर ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने क्लिअर केलंय, ७५०० किलो ग्रॉस म्हणजे मालासकट वजनापर्यंतची गाडी साध्या एलएमव्हीवर चालते, वेगळं ट्रान्सपोर्ट लायसन लागत नाही. त्याच्या वरती गेलात की लागतंच.

आता खरी गोम. हा कॉम्प्युटरवरचा पेपर आयुष्यात एकदाच असतो. केंद्राच्या मोटार वाहन नियमात ११ नंबरचा नियम आहे, त्यात लिहिलंय की ज्याच्याकडे आधीपासून चालू लायसन आहे त्याला ही परीक्षा लागू नाही. म्हणजे अठराव्या वर्षी कारसाठी जो पेपर दिलात तोच, पुढे पंचवीस टन कॉइल घेऊन बोरघाट उतरताना पण तुमच्याकडे तेवढंच कागदावरचं ज्ञान, नंतर कोणी विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तो पेपर कारवाल्यासारखा पाठ करू नका, ट्रकवाल्यासारखा करा. मेहनत तेवढीच लागते.

पेपरचं स्वरूप म्हणाल तर १५ प्रश्न, ९ बरोबर पाहिजेत, म्हणजे ६० टक्के. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ चालू असतं, घरी सराव करताना अर्धा मिनिट धरून करा म्हणजे तिथे घाई वाटणार नाही. विषय चारच. पाट्या सिग्नल आणि रस्त्याचे नियम, ॲक्सिडेंट झाला तर ड्रायव्हरने काय करायचं, बिनफाटकवाल्याचं रेल्वे क्रॉसिंग, आणि गाडीत कुठले कागद ठेवायचे. सरकारच्या सारथी पोर्टलवर मॉक टेस्ट फुकट आहे, ती सोडून कुठलं पन्नास रुपयांचं पुस्तक घ्यायची गरज नाही. लर्निंगची फी एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये आणि टेस्टचे ५०, नापास झालात तर परत ५०. हे आकडे लक्षात ठेवा म्हणजे समोरचा किती खातोय ते कळेल.

आता शब्द. इथे जरा थांबतो कारण बाकी कोणी हे सांगत नाही. आपण कॅबिनमध्ये जे बोलतो ती एक भाषा आणि आरटीओची मराठी ही दुसरीच. आपल्यासाठी लायसन म्हणजे लायसन, तिकडे ती 'अनुज्ञप्ती', आणि लर्निंग म्हणजे 'शिकाऊ अनुज्ञप्ती'. त्यात वर गंमत अशी की आपण घरी लायसनला परवाना म्हणतो पण ट्रान्सपोर्टच्या कागदांत 'परवाना' म्हणजे परमिट. भाच्याचा एक प्रश्न इथेच गेला, त्याला वाटलं एकच गोष्ट दोनदा लिहिलीय. फिटनेसला 'योग्यता प्रमाणपत्र' म्हणतात. लेन म्हणजे मार्गिका, डिव्हायडर म्हणजे दुभाजक, स्पीडब्रेकर म्हणजे गतिरोधक, फुटपाथ म्हणजे पदपथ, आणि चालणारा माणूस म्हणजे पादचारी. हेडलाइटच्या अप्पर डिपरचं 'प्रखर' आणि 'मंद' होतं. 'साइड देणे' असं कुठेच लिहिलेलं नसतं, तिकडे 'अग्रक्रम' किंवा 'प्राधान्य' असतं, म्हणजे आधी कोणाला जाऊ द्यायचं ते. आणि सगळ्यात फसवा शब्द 'ओलांडणे', कारण रस्ता ओलांडणे म्हणजे क्रॉस करणे आणि पुढच्या वाहनाला ओलांडून जाणे म्हणजे ओव्हरटेक, तेव्हा पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही. ज्यांचं शिक्षण हिंदीत झालंय त्यांनी सरळ हिंदी घ्यावी, पण मराठी शाळेतला पोरगा हिंदी घेतो ना कारण 'मराठी अवघड असते' म्हणून, ते मला पटत नाही. दोन संध्याकाळीत हे पंधरावीस शब्द होतात.

मी काय केलं, जुन्या डिलिव्हरी चलनांच्या पाठीमागे एका बाजूला आमचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला सरकारी शब्द असं मार्करने लिहिलं आणि कॅबिनमध्ये डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावलं. पोर्टच्या रांगेत चार चार तास उभं राहायचंय, मोबाइल बघून बघून किती बघणार.

पाट्यांचं बोलू. आकारावरून अर्धं काम होतं. लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम, पाळायचाच. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे सावध रहा. निळा चौकोन म्हणजे माहिती, हॉस्पिटल, पेट्रोल पंप वगैरे. दोनच वेगळ्या, आठ कोनांची लाल ती थांबा आणि उलटा त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला जाऊ द्या. लोक चुकतात ते जोड्यांमध्ये. एक तिरकी रेघ म्हणजे पार्किंग नाही, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंच नाही, माणूस उतरवायला पण नाही. अरुंद रस्ता आणि अरुंद पूल ही दुसरी जोडी. रेल्वेच्या पाटीत फाटकाचं चित्र असेल तर फाटक आहे, इंजिनचं चित्र असेल तर फाटक नाही, आणि खाली दोन पट्ट्या म्हणजे २०० मीटरवर, एक पट्टी म्हणजे जवळ आलं.

पण ट्रकवाल्याने ज्या पाट्या जीव लावून शिकायच्या त्या वेगळ्याच आहेत, उंची, रुंदी, लांबी, वजन आणि ॲक्सलचं वजन. उंचीच्या पाटीत आकड्याच्या वर आणि खाली टोकं असतात, रुंदीच्या पाटीत डावी उजवीकडे, बस, एवढाच फरक. वजनाच्या पाटीत नुसता टनांचा आकडा आणि ॲक्सलच्या पाटीत चाकांसकट ॲक्सल काढलेला असतो. कारवाला पोरगा हे प्रश्न सोडून देतो. तुम्ही हिशोब करा. हायक्यूब कंटेनर साडेनऊ फूट उंच, म्हणजे २.९ मीटर, खाली ट्रेलरचा प्लॅटफॉर्म दीड मीटर धरा, झाले ४.४. आता समोर पुलाला ४ मीटरची पाटी आहे. भाच्याला हा हिशोब तोंडी विचारला तर म्हणतो, मामा हळू घातली तर जाईल. घाल म्हटलं, आणि डब्याचे पैसे तुझ्या पगारातून. त्यानंतर त्याला उंचीची पाटी कधी चुकली नाही.

शिकायला पुस्तक कशाला पाहिजे, रस्ता आहे ना. शिळफाट्यापासून कळंबोलीपर्यंत जा, ठाणे बेलापूर रोडने जा, माजिवड्याचा पूल घ्या, घोडबंदरला गायमुखचा चढ घ्या, पन्नास तरी पाट्या भेटतील. पाम बीचच्या तोंडावर अवजड वाहनांना बंदी आहे ती पण बघून ठेवा. आमचा नियम असा की पाटी दिसली की भाच्याने गाडी तिच्यापर्यंत पोचायच्या आत मोठ्याने नाव घ्यायचं, सरकारी मराठीत. चुकला तर पुढच्या टपरीवरचा चहा त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात माझा चहाचा खर्च शून्य.

आकडे थोडेच आहेत पण ते ट्रकचे पाठ करा, कारचे नाही. २०१८ च्या केंद्राच्या नोटिफिकेशनप्रमाणे मालवाहू गाडीला वेगाची मर्यादा ताशी किलोमीटरमध्ये एक्सप्रेसवेवर ८०, दुभाजकवाल्या चार लेनवर ८०, शहरात ६० आणि बाकी रस्त्यांवर ६०. ही वरची मर्यादा झाली, पाटीवर कमी लिहिलं असेल तर पाटी खरी, घाटात तर कमीच असते. दारूची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ओव्हरलोडला दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि माल तिथेच उतरवायला लावतात ते वेगळंच. गाडी वजन करायला द्यायला नाही म्हटलं तर ४०,०००. शेठ म्हणतो मी बघतो, पण रस्त्यावर हात तुम्हाला करतात, शेठला नाही.

घाटाचे दोन प्रश्न हमखास बघून ठेवा. अरुंद चढाच्या रस्त्यावर समोरासमोर आलात तर अग्रक्रम चढणाऱ्याला, उतरणाऱ्याने थांबायचं. कारण साधं आहे, भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलताना क्लच जळतो नाहीतर गाडी मागे येते. दुसरा, उतारावर कुठला गिअर. उत्तर खालचा गिअर, ज्या गिअरने चढला असता साधारण त्याच गिअरने उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे शहाणे मी खंडाळ्याला रोज बघतो, सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, लायनर पकडत नाहीत, पाय दाबून दाबून ब्रेकचं एअर प्रेशर पण खाली येतं, आणि मग ज्या गाडीच्या मागे हे जाऊन बसतात तिची काय चूक. पेपरमध्ये तो एक मार्काचा प्रश्न आहे.

रेल्वे क्रॉसिंगचा प्रश्न तुम्हाला जुनाट वाटेल, ब्रॉडगेजवरची सगळी बिनफाटकाची क्रॉसिंगं २०१९ पर्यंत बंद केली, पण अभ्यासक्रमात तो विषय आहेच. आणि उत्तर क्लीनरचं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ म्हणतं गाडी थांबवा, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूला बघायचं, आणि मग गाडी पार करायची. कोणी सोबत नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरून बघायचं. भाचा खूश झाला, म्हणतो बघा मामा कायद्यात पण क्लीनरला काम आहे.

ॲक्सिडेंटचं नीट वाचा, हे पेपरपुरतं नाही. त्याच कायद्याचं कलम १३४. जखमीला डॉक्टरकडे किंवा जवळच्या हॉस्पिटलला पोचवायची जबाबदारी ड्रायव्हरची. पण लोक जमून मारायला उठले तर? कायद्यात तो विचार केलेला आहे, जमावाच्या रागामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे शक्य नसेल तर तेवढी सूट आहे. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, जास्तीत जास्त २४ तासांच्या आत कळवायचं, आणि इन्शुरन्सवाल्यांना पण कळवायचं. जमावापासून बाजूला होणं आणि पळून जाणं ह्यात फरक आहे, पोलीस ठाण्यात गेलात की पळालात असं होत नाही. जानेवारी २०२४ ला आपल्या लोकांनी चक्का जाम केला तो ह्याच हिट अँड रनच्या नव्या कलमावरून, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा दुसरा भाग, १० वर्षांपर्यंत शिक्षावाला, जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला. पण १३४ आधीपासून आहे आणि आजही आहे.

कागदांचं पटकन. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी हे सगळ्यांना, ट्रकला त्यावर परमिट आणि फिटनेस. मोबाइलवर डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो नाही चालत.

जे पुढे टँकर लाइनला जायचं म्हणतायत त्यांच्यासाठी, आणि आपल्याकडे तळोजा, टीटीसी म्हणजे ठाणे बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, उरण सगळीकडे केमिकल नाहीतर गॅस आहे म्हणून बरेच असतात, त्यांना दुसरा पेपर आहे. धोकादायक मालाचा तीन दिवसांचा कोर्स करून, तो पास होऊन लायसनवर शिक्का घ्यावा लागतो, आणि त्यासाठी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता लिहिता आलं पाहिजे असं नियम ९ मध्येच आहे. साध्या ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत ५ वर्षं, ह्याची ३. तिथे पाठ करायचं ते टँकरच्या मागचं बोर्ड. चार आकडी नंबर म्हणजे यूएन नंबर, आत कुठला माल आहे ते त्यावरून कळतं, पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, एलपीजी १०७५, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७. त्याच्या वर कोड असतो, पेट्रोलला ३वायई. ३ म्हणजे आग लागली तर फोम मारा, वाय मध्ये गळालेला माल गटारात नाल्यात जाऊ द्यायचा नाही हे आलं, आणि ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. मालकाने ट्रेम कार्ड, म्हणजे गळती नाहीतर आग झाली तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, दिल्याशिवाय गाडी हलवू नका, आणि दिलं तर वाचा, सीटखाली टाकून ठेवू नका.

परीक्षेच्या दिवशीचं फार काही नाही. आधारवर अर्ज केला असेल तर घरून देता येते, कॅमेरा चालू असतो, मागे कोणी उभा राहून बोटं दाखवू नये, आणि दुसऱ्याला बसवायचा विचार पण करू नका. आरटीओत जाऊन देणार असाल तर ओरिजिनल कागद आणि अपॉइंटमेंटची प्रिंट. रात्रपाळीहून थेट जाऊ नका, भाचा तेच करून गेला होता, पनवेलहून रात्री दोनला गाडी लावली आणि सकाळी दहाला कॉम्प्युटरसमोर, शेवटचे तीन प्रश्न वेळ संपून गेले. चित्राचा प्रश्न आला की आधी आकार बघा, मग चित्र, मग पर्याय. शब्दांचा आला की 'नाही' कुठे आहे ते शोधा, 'खालीलपैकी कुठे ओव्हरटेक करू नये' ह्यातला 'नये' घाईत डोळ्यातून सुटतो.

पास झालात की लर्निंग ६ महिने चालतं, पांढऱ्यावर लाल एल पुढे मागे लावायचा, शेजारी लायसनवाला बसलेला पाहिजे.

भाच्याचे परत ५० रुपये भरलेत, मंगळवारची तारीख आहे, सोमवारी रात्रीची ट्रिप मी त्याला न घेता एकटाच मारणार. काल उरण फाट्याला सिग्नलवर उभे होतो तर हा पुढच्या गाडीकडे बघून बोलला, मामा, योग्यता प्रमाणपत्र संपलेलं दिसतंय ह्याचं. चहा मी पाजला.